समक्ष धार

निलम कऱ्हाळे माळसोंडीत राहायला आली तेव्हा तिला खोली द्यायला कोणी चटकन तयार झालं नाही. वसमतची पोरगी आहे, पीएच.डी. करते आणि बायकांच्या दूध संस्थेवर काहीतरी लिहिणार आहे, एवढंच गावाला समजलं होतं. संस्थेच्या अध्यक्ष चंदाबाई म्हणाल्या, "माझ्या घरी माणसांचा राबता. तुमाला लिहायला निवांतपणा भेटायचा न्हाई." आणखी दोघीतिघींनी काहीबाही अडचणी सांगितल्या. तेव्हा संस्थेच्या बैठकीत मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, "माझ्याकडं राहू द्या त्यांना. खोली लहान हाय, पन वारं चांगलं येतं."

ती चतुराबाई. नवरा संतराम, नववीतली मुलगी पुजा आणि गोठ्यात एक म्हैस, एवढाच तिचा संसार. संतराम कालव्याच्या कामावर रोजंदारीनं जायचा आणि घरी आल्यावर फारसं बोलायचा नाही. घर खरं तर म्हशीवर चालायचं.

माळसोंडी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचं गाव. तिथं पुरुषांनी काढलेली डेअरी दोनदा बुडाली होती. मग शहाण्णव साली गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या बायकांनी मिळून आपली संस्था काढली, आणि ती सात वर्षं टिकून होती. निलमला नवल वाटलं ते तिच्या एका रीतीचं. इथं कोणाचंही दूध वेगळं तपासत नव्हते. जिनं जे आणलं ते मापून घ्यायचं आणि एकाच कॅनमध्ये ओतायचं. तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर सगळ्यांच्या दुधाची मिळून एकच फॅट लागायची आणि सगळ्यांना एकच दर मिळायचा.

"आमी कोनाच्या दुधात नळी बुडवून बघत न्हाई," चंदाबाई सांगायच्या. "इस्वासावर चालतं सगळं."

निलमच्या प्रबंधाचा विषय तोच होता, सहकार आणि विश्वास. उन्हाळाभर ती सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर बसली, बायकांच्या मुलाखती घेतल्या, तांड्यावर जाऊन आली. रात्रीची भाकरी चतुराबाईच्या चुलीपाशी. चतुराबाई तिला कधी पाहुणी म्हणून वागवत नसे. डोक्याला तेल लावून द्यायची, आणि निलमची लिहिता लिहिता मान खाली गेली की पुजाला दटावायची, "कंदील बारीक कर, झोपू दे तिला."

उन्हाळा सरता सरता निलम चार प्रकरणं घेऊन विद्यापीठात सरांकडे गेली. सरांनी ती वाचली आणि कागद टेबलावर सारून ठेवले.

"मेहनत आहे," ते म्हणाले. "पण सगळं गोड गोड कसं? एखादीनं विश्वास मोडला तर ही संस्था काय करते, ते यात कुठं आहे? ते नसेल तर बाहेरचा परीक्षक हा प्रबंध परत पाठवील, आणि त्याचं बरोबरच असेल."

"तिथं तसं काही घडलेलं नाही, सर."

"मग विचारा. घडलं तर काय कराल, असं विचारा."

निलम परत आली आणि तिनं विचारायला सुरुवात केली. संस्थेच्या प्रत्येक सभासद बाईला एकच प्रश्न, एकाच शब्दांत, कारण संशोधनात तसंच विचारायचं असतं. "समजा, तुमच्यातल्या एखादीनं दुधात पाणी घातलं, तर संस्था काय करील?"

बायका हसायच्या. "आमच्यात असं कोनी करत न्हाई, ताई." काही जणी हसायच्या नाहीत. एकीनं उलट विचारलं, "काहून? कोनी केलं का?" निलम म्हणाली, "नाही नाही, नुसतं समजा." पण 'समजा' हा शब्द नळावर पोचला नाही. नळावर एवढंच पोचलं की ताई पाण्याचं विचारून राहिल्यात. विचारतात म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार. आणि ठाऊक असणार तर ते कोणाकडून? राहतात त्या चतुराच्या घरी.

श्रावणात रान हिरवं झालं. ओल्या चाऱ्यावर म्हशीचं दूध वाढतं आणि पातळ होतं. हे दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी फॅट थोडी उतरायची. या वर्षी जरा जास्त उतरली. एकदा शीतकरण केंद्रावरून कॅन परत आले, आठवड्यानं पुन्हा आले आणि दर कापला गेला. चंदाबाईंनी संस्थेच्या पत्र्याच्या खोलीसमोर सगळ्यांना बोलावलं.

आदल्या वर्षी अशाच वेळी त्या म्हणाल्या होत्या, "गवत वाळलं की व्हईल बराबर." या वर्षी त्या तसं म्हणाल्या नाहीत. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तांड्याचं दूध लांबून येतं. वाटंत हीर लागती."

जमनाबाई ताडकन उठली. तांड्यावरच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

"झालं? आलं आमच्यावर? ठीक हाय. उद्यापासून तांड्याचं दूध बंद. वसमतचा गवळी दारात येऊन घेऊन जाईल आमचं."

चंदाबाईंचा चेहरा उतरला. संस्थेचं निम्म्याच्या जवळपास दूध तांड्याचं होतं. ते गेलं तर केंद्राची गाडी माळसोंडीला आली नसती.

"बस जमना, तुला कोन म्हनलं?"

"म्हनायचं काय राह्यलं? ताईला पान्याचं कोनी सांगितलं ते आधी बघा की. मी न्हाई सांगितलं. जिच्या घरात जेवती तिनंच सांगितलं असल. आन् पानी कसं घालतेत हे घालनारीलाच ठावं राहतं."

चतुराबाई आधी हसली. तिला वाटलं, जमनाबाई रागानं काहीही बोलते आहे आणि आता दुसरं कोणी हसेल. कोणी हसलं नाही. तेव्हा ती हसायची थांबली.

"ताई," चंदाबाईंनी विचारलं, "तुमाला कोनी सांगितलं हे?"

"कोणीच नाही," निलम म्हणाली. "माझ्या सरांनी विचारायला सांगितलं होतं. चतुरामावशींचा यात काही संबंध नाही."

"तुमच्या सरांनी माळसोंडी बघितली तरी हाय का?" मागून कोणीतरी म्हणालं. या वेळी बायका हसल्या. मोकळं हसल्या, कारण आता बोट कुठं दाखवायचं ते ठरलं होतं. चतुराबाईची म्हैस एकच. तिचं दूध गेलं तरी गाडी येणारच होती.

चंदाबाईंनी निकाल दिला. चतुराबाईनं उद्या सकाळी सगळ्यांसमक्ष धार काढायची. रोज आणते तेवढं दूध निघालं तर कोणी काही बोलायचं नाही.

"मला काय भ्या हाय?" चतुराबाई म्हणाली. "या की."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिचं अंगण बायकांनी भरलं. काही कुडावर टेकल्या होत्या, काही गोठ्यातच शिरल्या होत्या. चंदाबाईंनी लिटरचं माप निलमच्या हातात दिलं. "तुमी बाहेरच्या. तुमच्या मापावर कोनी शंका घ्यायची न्हाई."

म्हैस फुरफुरत होती. चतुराबाईनं रेडकू सोडलं, ते कासेला लागलं, मग तिनं ते ओढून बांधलं आणि कासंडी घेऊन खाली बसली. पहिल्या चार धारा वाजल्या. मग म्हशीनं पाय झाडला आणि कास आकसून घेतली.

"बायानू, जरा मागं व्हा," चतुराबाई मान न वळवता म्हणाली. "बिचकती ती."

कोणी हललं नाही. त्या अंगणातल्या प्रत्येक बाईच्या घरी म्हैस होती. परकं माणूस गोठ्यात आलं तर जनावर पान्हा चोरतं, हे त्यांच्या पोरीबाळींनाही माहीत होतं. निलमलाही माहीत होतं. वसमतला तिच्या आजोबांच्या गोठ्यात धारेच्या वेळी तिला कोणी फिरकू देत नसे.

चतुराबाईनं पुन्हा रेडकू सोडलं. म्हशीची पाठ थोपटली, तिच्याशी बोलली, आंबोणाची पाटी पुढं सरकवली. म्हशीनं पाटीत तोंड घातलं नाही. चतुराबाईचे हात घाईला आले, तिनं सड जोरानं ओढले, आणि म्हशीनं लाथ मारली. कासंडी कलंडता कलंडता तिनं पोटाशी धरली. तिच्या लुगड्यावर दूध सांडलं ते बघून कोणीतरी म्हणालं, "आता सांडलं म्हनंल."

निलमनं दूध मापलं. रोज सकाळी चतुराबाई सहा लिटर घालायची. आज साडेतीन भरलं.

"मोठ्यानं सांगा," चंदाबाई म्हणाल्या.

"साडेतीन."

"मंग बाकीचं रोज कुठून येतं गं, चतुरा?" जमनाबाईनं विचारलं.

निलमनं तोंड उघडलं. "चंदाबाई, एवढी गर्दी असली तर म्हैस..."

"ताई," चंदाबाईंनी तिला शांतपणे अडवलं, "संस्थेच्या कामात मी पडनार न्हाई, नुसती बघनार, असं तुमीच पयल्या दिवशी बोलल्या व्हत्या. का आता तुमी बी सभासद झाल्या?"

निलमनं माप उपडं करून ठेवलं. तिला लाज वाटत होती, पण लाजेच्या जोडीनं आणखी एक गोष्ट मनात येत होती आणि ती तिला स्पष्ट कळत होती. सरांनी मागितलेलं प्रकरण तिच्यासमोर घडत होतं.

त्याच दिवशी चंदाबाईंनी तिला आपल्या घरी राहायला बोलावलं. तिथंच राहिली तर लोक आणखी बोलतील, असं त्या म्हणाल्या आणि ते खरंही होतं. निलम बॅग भरत असताना चतुराबाई दारात उभी राहिली.

"तुमी सांगा की त्यांना. तुमी तर रोज बघता मला धार काढताना."

"मी बोलून बघते, मावशी."

"बघते काय? सांगा की."

निलम गेली, पण बोलली नाही. बोलली असती तर चंदाबाईंनी तिला केंद्रावर बसू दिलं नसतं, आणि अजून तीन महिन्यांचं काम राहिलं होतं.

संस्थेनं चतुराबाईचं दूध घेणं बंद केलं. संतराम ते सायकलवरून औंढ्याच्या हॉटेलात नेऊ लागला. हॉटेलवाल्याला कारण कळलं होतं, त्यामुळे तो निम्म्या दरानं घ्यायचा आणि वर संतरामसमोर बोट बुडवून चाटून बघायचा. शाळेत पुजाला 'पानीवाली' नाव पडलं. एकदा वर्गात कोणीतरी तिच्या बाकावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि गुरुजी येईपर्यंत सगळा वर्ग हसत राहिला. ती घरी येऊन आईशी भांडली. आईनं पाणी घातलं असं तिला वाटत नव्हतं. ही ताई घरात आणली म्हणून भांडली.

चतुराबाई नळावर गेली की बायका आपली घागर उचलून बाजूला व्हायच्या. "भर बाई, तुला जास्त लागतं," एक जण म्हणायची. बाकीच्या पदरात तोंड घालायच्या. यांतल्या दोघींच्या बाळंतपणात चतुराबाई रात्रभर बसलेली होती.

गणपती गेल्यावर एक दिवस संतराम म्हणाला, "कबूल करून टाक."

"काय कबूल करू?"

"पानी घातलं म्हन. चंदाबाई बोलली मला. सभेत कबूल केलं, माफी मागितली, का परत घेतेत. पुजाचं लगीन करायचं हाय उद्या."

"मी घातलं न्हाई तर?"

"तुला इचारून कोन राह्यलं घातलं का न्हाई?" संतराम ओरडला. तो कधी ओरडत नसे. पुजा आतून बाहेर आली आणि बापाच्या बाजूला उभी राहिली. चतुराबाईनं दोघांकडं बघितलं आणि मान हलवली.

दसऱ्याआधी संस्थेची सभा भरली. चतुराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. तिनं काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उभी राहून ती म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली. मी दुधात पानी टाकत व्हते. मला माफ करा आन् पदरात घ्या." आणि खाली बसायला लागली.

"थांब की," जमनाबाई म्हणाली. "किती टाकत व्हती?"

हे चतुराबाईला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं चंदाबाईंकडं बघितलं. चंदाबाई समोरच्या झाडाकडं बघत होत्या.

"थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

"एक... एक तांब्या."

"एका तांब्यानं अडीच लिटर वाढतं व्हय गं?"

"दोन."

"दोन का तीन?"

"तीन," चतुराबाई म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"नळाचं टाकत व्हती का हिरीचं?"

चतुराबाईला सुचेना. कोणत्या पाण्याचं नाव घेतलं तर बरं, याचा ती खरोखर विचार करू लागली. तिचा विचार चाललेला सगळ्यांना दिसत होता. "नळाचं," ती म्हणाली. "गाळून."

बायका हसायला लागल्या. तांड्यावरच्या आणि गावातल्या बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसल्या. श्रावणापासून त्या एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या, तो ताण त्या हसण्यात निघून गेला. "गाळून टाकत व्हती माय," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "पुन्याईची हाय." चतुराबाईही थोडी हसली. हसलं तर घेतील, असं तिला वाटलं असावं.

मग जमनाबाईनं ठराव मांडला. सात वर्षं आपण हिच्यावर विश्वास ठेवला, रोज तीन तांबे पाणी पाजलं हिनं आपल्याला, आता स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, तर हिला सभासद कशी ठेवायची? कायम काढून टाका. हात वर झाले. चंदाबाईंनी मोजायची गरज नव्हती, पण त्यांनी मोजले. चतुराबाई सोडून समोर बसलेल्या कोणाचाही हात खाली नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःचाही वर केला.

बाहेर संतराम उभा होता. तो आत आला. "तुमी घेतो म्हनल्या व्हत्या."

"मी घेतो म्हनले व्हते," चंदाबाई म्हणाल्या. "सभा न्हाई म्हनली. सभेच्या पुढं मी कोन? सहकार हाय हा, संतराम."

निलम कोपऱ्यात बसून लिहीत होती. तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतला.

दिवाळीच्या सुमाराला रानातलं गवत वाळलं, बायकांनी कडबा आणि ढेप घालायला सुरुवात केली आणि दर वर्षीसारखी फॅट चढली. संकलन केंद्रावर बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघा." तेवढं एकच त्या म्हणायच्या. कोणाच्या मनात कुठं शंका राहिली असेल तर ती त्या महिन्यात मिटली. संस्थेचं दूध वाढलं. तांड्यावरच्या आणखी काही घरांनी भाग घेतले.

निलमचा प्रबंध मंजूर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पाचव्या प्रकरणाचं खास नाव घेतलं. विश्वास मोडणाऱ्या सभासदाला संस्था कोर्टकचेरीविना कशी आवरते, हे इतकं जवळून पाहिलेलं आपण आजवर वाचलं नव्हतं, असं ते म्हणाले. निलमनं हात जोडून आभार मानले. म्हशीनं पान्हा चोरल्याची गोष्ट प्रकरणात होती. ती एका ओळीत, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात होती, आणि तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

त्या श्रावणानंतर तीन वर्षांनी, दोन हजार सहा साली, संस्थेनं दहा वर्षं पूर्ण झाल्याचा कार्यक्रम ठेवला आणि निलमला पाहुणी म्हणून बोलावलं. ती तेव्हा एका महाविद्यालयात शिकवत होती. हार झाला, भाषण झालं, जेवणं झाली. संध्याकाळी ती एकटीच चतुराबाईच्या घरी गेली.

चतुराबाई ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिनं निलमला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. संतराम सोडून गेला होता. कुठं, ते तिनं सांगितलं नाही. पुजानं दहावी सोडली होती. गोठ्यात म्हैस होती, ती जुनीच.

"आता दूध कुठं घालता?" निलमनं विचारलं.

"संस्थेतच. पुजाला अठरा पुरी झाली, तिला सभासद करून घेतलं चंदाबाईनं. अट घातली, मी म्हशीला हात लावायचा न्हाई, दुधाला न्हाई, भांड्याला न्हाई. धार निघती तवर मी गोठ्याकडं दिसायची सुदिक न्हाई. अधूनमधून येऊन बघतेत."

निलमनं गोठ्यातल्या म्हशीकडं बघितलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही पाणी घातलं नव्हतं. मला माहीत होतं."

चतुराबाईचे डाळीतले हात थांबले.

"टाकत व्हते मी," ती म्हणाली.

"मावशी..."

"टाकत व्हते. तीन तांबे. तुमीच तर लिहून नेलं." तिचा आवाज चढला. "आता काहून इथं येऊन दुसरं बोलू राहिल्या? ह्या बाया मला रोज नळावर भेटतेत. पोरीला त्यांच्यातच ऱ्हायचं हाय. न्हाई टाकलं म्हनून मी कुठं जाऊ?"

निलमनं बॅगेतून एक साडी काढून तिच्यापुढं ठेवली. चतुराबाईनं ती बघितली, पण हात लावला नाही.

अंगणातून पुजा आली. हातात कासंडी होती. तिनं निलमला ओळखलं की नाही ते कळलं नाही, कारण ती तिच्याकडं बघतच नव्हती.

"आई, टाइम झाला. आत जा."

"पाहुनी आली हाय गं."

"आत जा म्हनलं ना. जमनाबाई येऊन राहिली."

चतुराबाई उठली. डाळीचं सूप तिनं काखेत घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. पुजानं दाराला बाहेरून कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि गोठ्याकडं गेली.